उरलेले पाच सेकंद

डलूथ, मिनेसोटा
९ मार्च २००९

नॅडीन,

डीव्हीडी परत आली. मी पाठवलेलं पाकीट जसंच्या तसं, वर तुझ्या अक्षरात 'पाठवणाऱ्याला परत'. नऊ वर्षं आपण एकमेकांना पाकिटं पाठवतोय, आजवर एकही तू न फोडता परत धाडलं नव्हतंस. फोरमवरून तुझं नाव गायब, ई-मेलचा पत्ता बंद. म्हणून हे कागदावर लिहितोय. याआधी कागदावर पत्र लिहिलं ते आईला, आणि ती जाऊन अकरा वर्षं झाली. अक्षर लागलं नाही तर हसू नकोस.

अगं, झालं तरी काय? त्या शनिवारी दुपारी फोरमवरचे सगळे आपापल्या घरी एका वेळी 'हेरॉन'ची मी नव्याने कापून जोडलेली आवृत्ती लावून बसले होते, तूही होतीस. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला तू फोरमवरून निघून गेलीस, असं ओटिस म्हणतो. मी तुझ्या आवृत्तीला दहापैकी तीन गुण दिले म्हणून तू रुसलीस, असंही म्हणतो. आपल्या फोरमच्या या पंचाला रुसवेफुगवे बरे कळतात, तीन बायका झाल्यात त्याच्या.

पण खरं सांग, मी काय चुकीचं लिहिलं होतं? 'हेरॉन' एकोणऐंशी सालचा सिनेमा. तीस वर्षं लोक तो एकाच प्रसंगासाठी पुन्हा पुन्हा बघतात: हेरॉन पाण्याच्या टाकीवरून कोसळतो आणि जमिनीला टेकता टेकता त्याचे पंख उघडतात. तू नेमका तोच काढलास! तुझा हेरॉन टाकीवर चढतो, गावाकडे बघत बसतो आणि शिडीने खाली येतो. शिडीने, बाई! एकेक पायरी, पावणेदोन मिनिटं. मी लिहिलं, 'हा महानायक आहे की नळदुरुस्तीवाला?' सगळे हसले. तूही हसल्याची खूण टाकली होतीस.

माझं म्हणशील तर मी पहिल्यांदाच काहीतरी मोठं केलंय. पुलापलीकडच्या सुपीरियर गावात एका म्हाताऱ्या बाईने घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिचा नवरा त्या सिनेमाच्या संकलकाचा मदतनीस. गॅरेजात भरतकामाच्या दोऱ्यांखाली एक पत्र्याचा डबा सापडला. चिकटपट्टीवर लिहिलेलं: 'टाकी, तिसरा टेक, वापरू नये.' पस्तीस वर्षं मी लोकांना सिनेमे दाखवले, यंत्राच्या खोलीत केस पांढरे केले, पण असं काही कधी हाती लागलं नव्हतं. पडणं शेवटपर्यंत आहे त्यात. पंख नाहीत, काही नाही. तो पडतो आणि पडून राहतो. तिथून मी पुढे थेट त्याच्या उठण्यावर गेलो. ओटिसने दहापैकी दहा दिले. त्याने याआधी ते कुणालाच दिले नव्हते.

यादी तू वाचली असशीलच. एक फ्रेम इकडची तिकडे केली तरी वेळ आणि कारण लिहायचं हा आपला नियम, आणि तो मी कधी मोडला नाही:

'१:१४:०९. पडल्यानंतरचे चार सेकंद वाढवले. बहुधा पुतळा, माणसाऐवजी टाकलेला. कडेला युनिटची माणसं दिसत होती, म्हणून कडा कापून चित्र फक्त त्याच्यापुरतं आत घेतलं. उरलेले पाच सेकंद निरुपयोगी.'

पाकीट पुन्हा पाठवतोय. भांडायचं तर भांड, पण बघून भांड.

आर्लन


डलूथ
२ एप्रिल २००९

नॅडीन,

फोटो मिळाला.

सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. एक माणूस हेरॉनच्या पोशाखात, मुखवटा कपाळावर ढकललेला, हातात सँडविच आणि खांद्यावर एक मुलगी, तिने त्याचे कान धरलेत. मागे लिहिलंय: 'डेल रिकर आणि मी. बेकर्सफील्ड, १९७८. मी चार वर्षांची.'

डेल रिकर हे नाव आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. नटाच्या जागी उड्या मारणारा माणूस. जेवणाच्या सुट्टीत एकटाच टाकीवर चढला, सराव करताना पडून गेला, कॅमेरा बंद होता. स्टुडिओने तेव्हाच सांगितलं होतं. आपण ते किती वेळा टाइप केलं असेल! नवीन माणूस फोरमवर आला की ही माहिती पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडावर फेकायची, आम्हाला किती ठाऊक आहे हे दाखवायला. तू ते नऊ वर्षं वाचत होतीस.

पण मला कसं कळणार, नॅडीन? तुझं आडनाव रिकर नाही, कोबल. तू कधी बोलली नाहीस. 'हे माझे वडील' एवढे तीन शब्द नऊ वर्षांत तुला लिहिता आले नाहीत? मी काय ज्योतिषी आहे? पहिले दोन दिवस मला तुझाच राग आला होता, हे लिहूनच टाकतो. मर्नाला फोटो दाखवला. माझी बहीण मर्ना वरच्या मजल्यावर राहते आणि आपल्या या उद्योगाला शिवणकाम म्हणते. तिने चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाली, "मग? तू त्या पोरीला तिच्या बापाचं मरण पाकिटात घालून पाठवलंस. तेही दोनदा."

"मला माहीत नव्हतं गं!"

"तुझ्या माहितीबद्दल कुणी विचारलं का?" म्हणाली आणि वर निघून गेली.

त्यानंतर मी तुझ्या सगळ्या आवृत्त्या पुन्हा लावल्या. सहाच्या सहा. प्रत्येकीत हेरॉन पाठमोरा. नटाचा चेहरा आला की तू कापतेस, पाठ आली की थांबतेस. त्यावरून मी तुला केवढं सुनावलं होतं! 'पैसे घेऊन काम करणाऱ्याचा चेहरा का कापतेस?' असं लिहिलं होतं मी. ती पाठ तुझ्या वडिलांची. शिडी उतरणारेही तेच. आता कळलं, आणि माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मी आवृत्ती मागे घेतली. फोरमवर लिहिलं, कृपा करून पुसा, हा पुतळा नाही, खरा माणूस आहे. तुझं नाव घेतलं नाही. व्हायचं तेच झालं. तोवर ती दोनशे लोकांकडे होती, आता दोन हजारांकडे आहे. कुणीतरी फक्त पडण्याचा तुकडा वेगळा काढून इंटरनेटवर टाकलाय. ओटिस म्हणतो, "आर्लन, गप्पच बसला असतास तर बरं झालं असतं." या एका बाबतीत त्याचं बरोबर आहे.

मला खरंच वाटलं होतं की पुतळा आहे.

आर्लन


डलूथ
२० एप्रिल २००९

नॅडीन,

काल मी ते जाळलं.

रीळ, संगणकावर उतरवलेली मूळ प्रत, तिची दुसरी प्रत, सगळं. संगणकातली हार्ड डिस्क बाहेर काढून घणाने फोडली. रीळ तळ्याकाठी नेलं. बर्फ अजून पुरता हटलेला नाही. मर्ना गाडीत बसून होती, तिला म्हटलं साक्षीदार हो. त्या काळची फिल्म भडकत नाही, नुसती आक्रसते आणि घाण वास सोडते. जुन्या पिंपात तासभर लागला. राख मी बुटाने पसरली.

आयुष्यभर मी फिल्म सांभाळत आलो. तुटली तर जोडली, आंबट वास यायला लागला तर वारा दिला. एक फूट फिल्म कधी मुद्दाम खराब केली नव्हती. तुझ्यासाठी केली. बाहेर जे पसरलंय ते मला परत गोळा करता येणार नाही, पण जिथून ते निघालं ती जागाच आता उरली नाही. यापुढे कुणालाही त्यातली एकही फ्रेम जास्त मिळणार नाही. तुझ्या वडिलांना आता कुणी हात लावणार नाही.

माफी मागायची मला नीट जमत नाही. मर्ना म्हणते मी माफीसुद्धा उपकार केल्यासारखी मागतो. तर ही अशी मागितली.

एक ओळ तरी लिही.

आर्लन


डलूथ
१२ मे २००९

नॅडीन,

तुझं पत्र मला एकवीस एप्रिलला मिळालं. वर तारीख सतराची. म्हणजे मी पिंपापाशी उभा होतो तेव्हा ते टपालाच्या गाडीत होतं. उत्तराला तीन आठवडे लावले, कारण मी भ्याड आहे. दुसरं काही कारण नाही.

तुझं पत्र मी इतकं वाचलंय की पाठ झालंय. जाळल्याचं माझं पत्र मिळालं तेव्हा तू ते वाचता वाचता अर्धवट सोडून ओट्यापाशी जाऊन उभी राहिली असशील, या विचाराने मला जेवण जात नाही. तू लिहिलंयस:

'आर्लन, मला तुझा राग आहे, पण ते नंतर. आईला स्टुडिओच्या माणसाने सांगितलं की डेल सुट्टीत स्वतःच्या मस्तीत एकटा वर चढला आणि जेवून परत येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. चाळीस मिनिटं तो तिथे एकटा होता. आई हे घेऊन जगली. ती त्याच्यावर चिडून मेली. तुझ्या यादीत लिहिलंय की कडेला माणसं होती. माणसं होती, म्हणजे सुट्टी नव्हती. कॅमेरा चालू होता, म्हणजे त्याला कुणीतरी वर चढवलं होतं. मला न कापलेलं चित्र दाखव. उरलेले पाच सेकंद दाखव, ज्यांना तू निरुपयोगी म्हणालास. मला एवढंच बघायचंय की त्याच्याकडे कुणी गेलं का. पाठवू नकोस, हरवेल. मी सुट्टी घेतली आहे, मीच येते.'

देवा! तू नऊ वर्षं गप्प राहिलीस, आणि बोललीस ती मी पिंप पेटवल्याच्या आठवड्यात. नाही, चूक तुझी नाही. मी विचारायला हवं होतं. कागदाचा एक तुकडा टाकून विचारायचं, 'याचं काय करू?' एवढं सुचलं नाही. मला काहीतरी जाळून मोठं व्हायचं होतं.

सुपीरियरच्या बाईकडे जाऊन आलो. दुसरा डबा नाही. तिला काही ठाऊकही नाही, नवरा घरी सिनेमाबद्दल बोलायचा नाही म्हणाली. फोडलेली हार्ड डिस्क घेऊन एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, जणू मी चिरडलेली मांजर घेऊन आलोय. काही निघणार नाही म्हणाला.

तेव्हा येऊ नकोस. इथे बघायला काही नाही. जगात जे शिल्लक आहे ते मी कापलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट. दोन एप्रिलच्या पत्रात शेवटचं वाक्य मी खोटं लिहिलं होतं. पुतळा आहे असं मला वाटलं नव्हतं. डबा घरी आणला त्याच दुपारी, हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावर पट्टी लावली, तेव्हाच कळलं होतं. पुतळ्याचं मनगट तसं वळत नाही. माणसं का धावताहेत हेही कळलं होतं. मग मी काय केलं? 'बहुधा पुतळा' असं लिहिलं आणि धावणारी माणसं कापली. ती राहिली असती तर बघणाऱ्यालाही कळलं असतं, आणि मला तो तुकडा ठेवता आला नसता. फार सुंदर होता गं तो. हा शब्द तुझ्यासमोर लिहायची लाज वाटते, पण खरा आहे. तिथे मी दहा गुणांसाठी डोळे मिटले.

कोण होता तो, याचा विचार नाही केला. सिनेमातला एक माणूस होता, बस.

आर्लन


डलूथ
३१ मे २००९

नॅडीन,

तुझ्या पोस्टकार्डावर एकच ओळ आहे: 'तू पाहिलं आहेस. सांग.'

ठीक आहे. ते नऊ सेकंद, म्हणजे दोनशे सोळा फ्रेम. रंग सारखा करायला, ओरखडे पुसायला मी त्यातल्या प्रत्येक फ्रेमवर बसलो होतो, उरलेल्या पाच सेकंदांतल्यासुद्धा, कारण त्यातलं काही कामाला येईल असं आधी वाटलं होतं. माझ्या आईचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, पण त्या फ्रेमा आठवतात.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या वेळी मर्नाला वाचून दाखवलं. त्यात सगळे एकदम तुझ्या वडिलांकडे धावले होते. ती ओव्हनमधून पाव काढत होती. थांबली आणि म्हणाली, "हे तू पाहिलंस की शिवलंस?" उत्तराची वाटही न बघता "फाड," म्हणाली. फाडलं. दुसऱ्या वेळी एकच माणूस वगळला होता. तेही तिला कळलं, कसं ते देव जाणे. हे तिसरं तिला दाखवलेलं नाही.

ऊन आहे. सावल्या आखूड नाहीत, लांब आहेत. जेवणाची वेळ नव्हती, नॅडीन, सकाळ असेल नाहीतर संध्याकाळ. ज्यावर त्यांनी पडायचं होतं तो पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग डावीकडे आहे, त्यांच्यापासून माणूसभर लांब. ते पडतात त्या फ्रेमला मी एक धरतो. धूळ उडते. कॅमेरा हलत नाही.

सव्विसाव्या फ्रेमला उजव्या कडेने एक माणूस शिरतो. पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी. सगळ्यांत आधी धावला तो हाच. तो तुझ्या वडिलांकडे धावत नाही. कॅमेऱ्याकडे धावतो, हात वर करून, तोंड उघडं. बंद करा, असंच म्हणत असणार. आवाज नाही त्यात. हाच माणूस मी दोनदा वगळला होता. आज वगळत नाही.

चाळीसच्या पुढे मागे दोघं जण दिसतात, शिडीपाशी. ते शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत. एकाने डोक्यावर हात ठेवलेत. त्यांना मी दोष देत नाही, मीही बहुधा तसाच उभा राहिलो असतो.

डाव्या कडेने एक बाई येते, पंचावन्नाव्या फ्रेमला. जाड आहे, गळ्यात शिंप्याची फीत, मनगटावर टाचण्यांची गादी. पायात उंच टाचांचे बूट, एक निघून पडतो, ती थांबत नाही. खोक्यांना वळसा न घालता त्यांच्यावरूनच येते, दोनदा पडते. तुझ्या वडिलांचा पोशाख तिनेच शिवला असेल, मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, पाहिलेलं नाही.

सत्त्याण्णवाव्या फ्रेमला ती पोचते. गुडघ्यांवर बसते, बसते म्हणजे कोसळतेच. मुखवटा काढायचा प्रयत्न करते, निघत नाही, मग सोडून देते. डोक्याखाली हात घालते. वाकून त्यांच्या तोंडाजवळ कान नेते आणि तशीच राहते. तिचा दुसरा हात त्यांच्या छातीवर आहे, आणि बोटं सारखी हलताहेत, मूल झोपवताना थोपटतात तशी. ते काही बोलले का, मला माहीत नाही. त्यांचा हात हलला असं मी फाडलेल्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं. हललं ते पंखाचं कापड. वाऱ्याने. एकशे साठनंतर दोराचं भेंडोळं घेतलेला एक उंच माणूस येऊन पोचतो, दोर टाकतो आणि स्वतःचा कोट काढून त्यांच्यावर घालतो. ती बाई मान वर करत नाही. दोनशे अकराव्या फ्रेमला शिट्टीवाल्याचा पंजा कॅमेऱ्यावर येतो. त्यानंतर काळं.

तू विचारलं होतंस, त्याच्याकडे कुणी गेलं का. गेलं. चाळीस मिनिटं नाही, ते चार सेकंद एकटे होते. ते चार सेकंद मी दोन हजार लोकांना दाखवले. ती बाई ज्या पाच सेकंदांत आहे, ते मी जाळले.

आर्लन